बालरॉग कुणाचाही नोकर नव्हता

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला बालरॉग सॉरॉनचाच माणूस होता आणि अंगठीसाठी मोरियात दबा धरून बसला होता, असं छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ पाहिले की माझं डोकं उठतं. पुरावा काय? एवढा मोठा राक्षस आहे म्हणजे मोठा कट असणारच, बस.

टॉल्किनने परिशिष्टांत सनावळी देऊन ठेवली आहे. ती लावून बघा. (दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो, त्यामुळे ही खोड.) पहिल्या युगाच्या अखेरीस मॉर्गोथचा पाडाव झाला, तेव्हा वाचलेले मोजके बालरॉग पळून पृथ्वीच्या पोटात दडले. हा त्यांतलाच. पाच हजारांहून जास्त वर्षं हा तिथेच. दरम्यान सॉरॉनने अंगठी घडवली, युद्धं केली, हरला. हा मदतीला आला नाही. दोघेही माइआर, दोघेही मॉर्गोथच्या हाताखालचे. कंपनी बुडाली म्हणून जुन्या सहकाऱ्याला साहेब कोण म्हणेल?

तिसऱ्या युगात १९८० साली मिथ्रिल खणता खणता ड्वार्फ त्याच्यापर्यंत पोचले. त्याने सहाव्या ड्युरिनला मारलं, पुढच्या वर्षी त्याच्या मुलाला. ड्वार्फ पळाले. त्यानंतर हजार वर्षं तो मोरियातच. २७९९ साली ऐन त्याच्या दारात ऑर्कांची कत्तल झाली. मोरियात ऑर्क वसवले होते ते सॉरॉनने. डाइनने अझॉगला मारलं, दारातून आत डोकावला आणि पडेल चेहऱ्याने परत फिरला. बालरॉग आत होता. त्याने उंबरा ओलांडला नाही. हा कसला सेनापती?

समोरच्या बाजूकडे एक तळटीप आहे, हे मान्य. सॉरॉनच्या दुष्टाव्याने तो आधीच जागा झाला असेल, असं टॉल्किन म्हणतो. पण शेजारच्या वरातीतल्या डीजेने झोपमोड झाली, म्हणून आपण नवरदेवाचे नोकर होत नाही.

माझ्या मते तो घाबरलेला होता. मग फेलोशिपच्या मागे का लागला? गॅन्डाल्फने मंत्राने दार बंद केलं, तेव्हा पलीकडे आपल्या तोडीचं कुणीतरी आहे हे त्याला कळलं. गॅन्डाल्फही माइआ, आणि आलेला पश्चिमेकडून; मॉर्गोथला धुळीला मिळवणारी फौज आली होती तिथूनच. हजारो वर्षं फरार असलेल्याच्या दारावर शेवटी थाप पडली. हा तर्क माझा, पुस्तकात असं लिहिलेलं नाही. पण त्यात अंगठी कुठेच लागत नाही.

आता त्याला ‘बिचारा’ ठरवू नका. हल्ली प्रत्येक खलनायकाला दुःखी बालपण चिकटवायची साथ आलीय. या भित्र्याने अख्खं खझाद-डूम ओसाड केलं. कट असता तर उधळता तरी आला असता. याच्याशी ड्वार्फ काय बोलणी करणार होते?

पुलावरून दोघे कोसळले त्यानंतरचा भाग काढून वाचा. तळाशी झुंज झाली आणि बालरॉग पळाला. गॅन्डाल्फ त्याची टाच धरून मागे. अंधारी भुयारं, मग तो न संपणारा जिना, थेट शिखरापर्यंत. व्हिडिओवाल्यांनी हे पान वाचलेलं दिसत नाही.