झरीचं खाचर आणि ट्रकचा तळ

मी गोदीत कंत्राटावर राबतो. शिक्षण दहावी, आई अजून मॅट्रिकच म्हणते. रात्रपाळीला कंटेनर, दिवसा झोप, उरलेल्या वेळात कविता. म्हणून आधीच सांगून टाकतो, ट्रकशी माझं वैर नाय. ट्रक आला नाय तर माझी चूल पेटत नाय. पण ट्रक उभा कुठं करायचा आणि कुणाच्या छातीवर, हे विचारायचा हक्क मला आहे.

आमच्या टोळीत एक वारली पोरगा आहे, तलासरी तालुक्यातल्या झरीचा. मागच्या सुट्टीवरून आला तो गप्प गप्प. खोदून विचारलं तेव्हा बोलला, "काकाच्या खाचरासाठी माणूस आलता. पाच वर्सं भाड्यानं मागतो, ट्रक लावायला. म्हणतो, सातबारा तुमचाच राहील, आम्ही निस्ता मुरूम टाकू." काकाला रक्कम मोठी वाटते. वाटणारच. भाताच्या एका हंगामात तेवढा पैसा त्यानं कधी बघितलेला नाय.

"मग तू का तोंड पाडून बसलास?"

"काकाचं खाचर मधलं हाय."

दोस्तांनो, शहरात वाढलेल्यांनी हे नीट समजून घ्या. तिकडची भातशेती उतारावर, पायऱ्यापायऱ्यांची. वरच्या खाचरातलं पाणी बांध फोडून मधल्यात येतं, मधल्यातून खालच्यात. मधल्या खाचरात दोन फूट मुरूम टाकून रोलर फिरवला की वरच्याचं पाणी तुंबलं, खालच्याचं आवण वाळलं. वर डिझेलचं वंगाण पावसाबरोबर खाली उतरणार ते वेगळंच. करारावर अंगठा एकाचा, शेती मोडली चौघांची. आणि बाकीच्या तिघांना विचारतो कोण?

शेतजमिनीवर ट्रकचा तळ करायचा तर बिगरशेती परवानगी लागते, असं आम्ही ऐकत आलो. सातबारा जोडा, मोजणीचा नकाशा जोडा, रस्ता किती रुंद ते दाखवा. पाणी कुठून येतं नि कुठं जातं, असा रकाना मी तरी पाहिला नाय. आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ मधली गंमत बघा. साहेबानं ९० दिवसांत उत्तर दिलं नाय तर परवानगी मिळाली असं समजावं, असं त्यात लिहिलं गेलं. साहेबाचं मौन म्हणजे होकार! वनहक्काचा कायदा आला २००६ साली. त्यात दावा टाकून बसलेल्या वारल्यासाठी असं ९० दिवसांचं मौन कुणी लिहिलं नाय. मौनसुद्धा इथं जात बघून बोलतं.

आदिवासींच्या जमिनीला कवच आहे, हे खरं. ६ जुलै १९७४ पासून त्याच संहितेत कलम ३६-अ आलं. बिगरआदिवासीला जमीन विकायची असेल तर जिल्हाधिकारी आणि सरकार दोघांची मंजुरी. पण पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला एकट्या जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी पुरते. दलाल पाच वर्षंच का मागतो, ते आता कळलं ना? कायदा आपण वाचत नाय. दलाल वाचतो.

पाच वर्षांनी जमीन परत मिळेल, म्हणतात. काय परत मिळेल? सातबारा मिळेल. माती कुठून आणणार? मुरूम कोण उपसणार?

आणि ही भूक आता वाढणार. १९९८ साली डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं वाढवणचं बंदर नाकारलं होतं. २०२३ साली त्याच प्राधिकरणानं ना-हरकत दिली. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पायाभरणी केली. खर्च ७६,२२० कोटी, क्षमता वर्षाला २ कोटी ३२ लाख कंटेनर. एवढे कंटेनर हवेत उडत येणार नायत. ७६ हजार कोटींच्या हिशेबात ट्रकवाल्याला उभं राहायला जागा नसेल, तर ती वारल्याच्या खाचरातूनच काढली जाणार.

झरी हे नाव तुम्हाला माहीत नसेल तर शरमेची गोष्ट आहे. २३ मे १९४५ रोजी याच झरीत हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाय, बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या रानात पाय ठेवणार नाय, असं ठरवून उठले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती पडले. खाचर असं रक्त देऊन राखलंय. ते आता मुरमाखाली फुकट घालवायचं?

कुणी म्हणेल, आदिवासींच्या जमिनीचं तू दलितानं काय घेऊन बसलास? अरे, बाबासाहेबांनी १९३७ साली खोतीविरुद्ध बिल आणलं, दादासाहेब गायकवाडांनी १९६४ ला भूमिहीनांचा देशभर सत्याग्रह उभा केला. जमीन नसली की माणसाचं काय होतं, हे आमच्या वस्तीपेक्षा जास्त कुणाला ठाऊक? माझ्या आज्याला जमीन असती तर मी रात्री कंटेनर मोजत बसलो नसतो.

काकाला मी शिव्या देणार नाय. भुकेल्याला उपदेश करायला पोट भरलेलं असावं लागतं, माझं नाय. पण मागणी स्पष्ट करा. तळ बंदराच्या पैशानं, बिगरशेती झालेल्या जागेवर बांधा. तिथं ड्रायव्हर-क्लीनरला संडास, पाणी, झोपायला छप्पर द्या. त्यांनाही तुम्ही माणसात धरत नाय. खाचर मागायचंच तर ग्रामसभेसमोर मागा, वरच्या-खालच्या प्रत्येक शेतकऱ्याला विचारा, आणि माती पूर्ववत करायचा पैसा आधी सरकारात भरा.

पुढच्या सुट्टीला मी त्याच्याबरोबर झरीला चाललोय. कविता नाय, कलम ३६-अ ची झेरॉक्स घेऊन. ग्रामसभेत वाचायला चांगला मोठा आवाज लागतो. ज्याचा असेल त्यानं यावं.

जयभीम.