सर्किट सोपं, दुखणं अवघड!

फायनल इयरच्या प्रोजेक्टची चर्चा सुरू झाली की 'टेन्स'चं नाव हमखास निघतं. त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवायचे, मज्जातंतूंना विजेचे हलके झटके द्यायचे आणि गोळीशिवाय दुखणं कमी करायचं! ५५५ टायमर, छोटा ट्रान्सफॉर्मर, ९ व्होल्टची बॅटरी... झालं काम!

पण खरंच झालं का?

यामागचा विचार मात्र झकास आहे. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला. मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक फाटक असतं आणि स्पर्शाचे जाड तंतू जागे केले की ते मिटू लागतं. कोपर आपटलं की आपण चोळतो, ते उगाच नाही! १९६७ साली डॉ. नॉर्मन शीली यांनी एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर असं विद्युत उपकरण पहिल्यांदा बसवलं. ते बनवणारा थॉमस मॉर्टिमर तेव्हा चक्क इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता!

आपण मात्र ऑसिलोस्कोपवर १०० हर्ट्झचे पल्स दिसले की खूश. अहो, पण दुखणं मोजायला मल्टीमीटर नाही! रुग्णालाच विचारावं लागतं, शून्य ते दहापैकी किती? त्यात झिणझिण्या आल्या की यंत्र चालू आहे हे त्याला कळतंच, मग खोट्या यंत्राशी तुलना करायची कशी? २०१९ साली कॉक्रेनच्या आढाव्यात हेच निघालं, की जुनाट दुखण्यावर टेन्सचा फायदा होतो की नाही, हे उपलब्ध पुराव्यांवरून खात्रीने सांगता येत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने तर २०१६ मध्येच कंबरदुखीसाठी ते देऊ नये असं सांगितलं.

मग सोडून द्यायचं? मुळीच नाही. वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घेऊन पोट आणि किडनी बिघडवून घेणाऱ्यांसाठी हा शोध चालू राहायलाच हवा. माझं म्हणणं एवढंच, की पोस्टरवर 'शंभर टक्के आराम' लिहू नका. पेसमेकरवाल्या आजोबांवर 'टेस्टिंग' तर नकोच नको! फिजिओथेरपीच्या मुलांना टीममध्ये घ्या, त्यांच्या सरांना विचारा, आणि फायदा दिसला नाही तर रिपोर्टमध्ये तसंच लिहा.

पल्स कोणीही काढेल हो. समोरच्याचं दुखणं खरंच कमी झालं का, हे प्रामाणिकपणे तपासणं म्हणजे इंजिनिअरिंग. पटतंय का बघा!