बाई, गुडघा दुखतोय

परवा धाकट्या बहिणीचा मुलगा आला होता. वय त्रेचाळीस, पुण्यात नोकरी, दिवसभर खुर्चीत बसून काम. जूनपासून पळायला लागलाय आणि जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये अर्धी, म्हणजे २१ किलोमीटर पळायचं त्याने ठरवलंय. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दोन मजले चढून आला हसत, पण निघताना मी दारातून पाहिलं, तर कठड्याला धरून, तिरका होत एकेक पायरी उतरत होता.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही गं मावशी, गुडघा जरा दुखतो. गोळी घेतली की पळता येतं."

रात्री त्याच्या आईचा फोन. "पळून पळून गुडघे झिजणार त्याचे. बंद कर म्हणून सांग, तुझं ऐकतो तो." आता गंमत अशी की हिचे स्वतःचे गुडघे गेली दहा वर्षं दुखताहेत, आणि बस पकडण्याखेरीज ही आयुष्यात कधी पळालेली नाही! असो.

मला दोघांचंही पटलं नाही. का, ते लिहिते.

पळण्याने गुडघे झिजतात हे आपण सगळे धरूनच चालतो, जणू गुडघा म्हणजे सायकलचा टायर. पण टायर स्वतःची दुरुस्ती करत नाही, शरीर करतं. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला, सुटला की स्पंजासारखी ती सांध्यातल्या द्रवातून पोषण घेते. म्हणजे हालचाल हे तिचं अन्नच म्हणायचं. २०१७ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आधीच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब आला होता. हौसेने पळणाऱ्यांत गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात शंभरात ३.५ जणांना, बैठ्या माणसांत १०.२ जणांना आणि स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत १३.३ जणांना आढळला. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच पळत राहतात, असंही असू शकेल. तरीसुद्धा 'पळालास की झिजलास' हे काही त्यातून निघत नाही.

मग याचा गुडघा का दुखतो? वाटीच्या भोवती दुखतं, जिना उतरताना जास्त, नाटकाला तीन तास बसलं की जास्त. हे पळणाऱ्यांत इतकं नेहमीचं आहे की इंग्रजीत त्याला 'रनर्स नी' असंच नाव पडलंय. खोदून विचारलं तेव्हा कळलं, जूनमध्ये तीन किलोमीटर, ऑगस्टमध्ये पंधरा, आणि रविवारी कात्रजचा घाट. दम लवकर वाढतो हो, कंडरा आणि हाडं मात्र सावकाश तयार होतात. मांडीचे आणि खुब्याचे स्नायू वर्षानुवर्षं खुर्चीत बसून मऊ झालेले. त्यात उतारावर वाटीवरचा भार आणखी वाढतो. दोष पळण्याचा नाही, घाईचा आहे. आणि वर गोळी! वेदनाशामक गोळी खाऊन पळणं म्हणजे दुखण्याचं तोंड दाबणं. घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडालाही त्रास देऊ शकतात.

पण हे सगळं त्याला सांगताना माझी जीभ जरा अडखळली. त्याचं कारण जुनं आहे.

१९८६ साल. तालुक्याच्या गावातली शाळा. मी मराठी शिकवायची, पण शिक्षक कमी, म्हणून खेळाचे तासही माझ्याकडे. सातवीत एक मुलगा होता, तेरा वर्षांचा, वाऱ्यासारखा पळायचा. तालुका स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे आला. "बाई, गुडघा दुखतोय." वाटीच्या खाली, नडगी सुरू होते तिथे, छोटीशी गाठ होती. मी ती पाहिली, आणि म्हणाले, "नाटकं करू नकोस. शाळेच्या नावाचा प्रश्न आहे." तो पळाला. दुसरा आला. बक्षीस घ्यायला लंगडत गेला आणि मी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी त्याने नावच दिलं नाही. मीही का म्हणून विचारलं नाही.

खूप वर्षांनी नातीला अगदी तिथेच गाठ आली, तेव्हा डॉक्टरांनी नाव सांगितलं: ऑस्गुड-श्लॅटर. ऑस्गुड आणि श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ सालीच स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं होतं. वाढीच्या वयात मांडीच्या स्नायूची कंडरा नडगीच्या कोवळ्या हाडाला सारखी ओढते, आणि ती जागा दुखते, फुगते. पळणं-उड्या काही दिवस कमी केल्या, मांडीला व्यायाम दिला की बहुतेक मुलं बरी होतात. वाढ संपली की दुखणं सहसा जातं. म्हणजे त्या मुलाला माझ्याकडून फक्त थोडी सुटी हवी होती.

म्हणून आता मला 'दुखलं तरी पळतो तोच खरा' हे कौतुक ऐकवत नाही. आणि 'दुखतंय ना, मग सोड' हा घरच्यांचा सल्लाही पटत नाही. दोन्हीकडे दुखणं काय सांगतंय हे कोणी ऐकतच नाही. पळताना किंचित ठणकलं आणि सकाळी उठेपर्यंत गेलं, तर बेताने चालू ठेवायला हरकत नसते. पण दुखणं वाढत चाललं, चाल बदलली, तर थांबायचं. गुडघा सुजला, अडकला किंवा अचानक दगा देऊ लागला, तर डॉक्टरकडे जायचं. आणि मूल म्हणालं, तर आधी खाली वाकून त्याचा गुडघा पाहायचा.

भाचा आता फिजिओथेरपीला जातोय. घाट बंद, सपाट रस्ता, छोटी पावलं, आठवड्याला अंतर निम्मं, आणि मांडीचे व्यायाम. यंदाची जानेवारी हुकणार म्हणून रुसलाय थोडा. मी म्हटलं, अरे, २००४ पासून चालू आहे ती मॅरेथॉन, पुढच्या वर्षी पळ.

वाचणाऱ्यांत माझ्यासारखे आणखी काही मास्तर-बाई असतील. तुमच्याही वर्गात कोणी 'दुखतंय' म्हणालं असेलच. तुम्ही काय केलंत, ते जरूर लिहा.