ही सर्व ख्रिस्ती लोकांची शिकवण नव्हे

संपादक महोदय,

जगाच्या अंती येणाऱ्या महासंकटाआधी श्रद्धावंत आकाशात उचलले जातील, बाकीचे मागे राहतील, ही गेल्या अंकातील लेखात ‘ख्रिस्ती धर्माची शिकवण’ म्हणून मांडली आहे. ती एका प्रवाहाची शिकवण आहे. धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांनी १८३० च्या दशकात तिचा प्रसार सुरू केला आणि १९०९ च्या स्कोफिल्ड संदर्भ बायबलमुळे ती अमेरिकेत घरोघर पोचली. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि लूथरन परंपरांनी ती स्वीकारलेली नाही. ही शिकवण भावी मानते ते बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकातले हजार वर्षांचे राज्य म्हणजे चर्चचा चालू काळच, असे ऑगस्टीनने पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे.

लेखक थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय पुढे करतात. तो त्यांनी पुन्हा वाचावा. आप्त गमावलेल्यांचे सांत्वन करताना पौल आधी मेलेल्यांच्या उठण्याबद्दल बोलतो, जिवंतांबद्दल नंतर. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात तर निवडलेल्यांना गोळा करणे संकटानंतरच येते.

‘आत्मा स्वर्गात गेला की झाले’ हे लेखातले म्हणणेही अर्धवट. ख्रिस्ती आशा देहासकट उठण्याची आहे. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वसईत कबरी धुऊन, झेंडू वाहून, मेणबत्त्या लावून आम्ही प्रार्थना करतो, ती याच आशेवर.

ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या तारखा सांगणारे तोंडघशी पडले, हे मान्य. उपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख आली आणि गेली. पण तो दिवस पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, हे खुद्द येशूने सांगितले आहे. मिलरपंथीयांच्या चुकीचे खापर साऱ्या धर्मावर फोडू नये.

पुढील अंकात दुरुस्ती छापावी. कळावे.

— एक वाचक, वसई