मधले महिने

पाय मोडलेल्या माणसाला भेटायला येणारे लोक दोन नावं हमखास घेतात, अरुणिमा सिन्हा आणि सुधा चंद्रन. आमच्यासारखं घर सांगलीकडचं असेल तर तिसरं नाव मुरलीकांत पेटकरांचं. गेल्या पावसाळ्यात स्कूटर घसरून माझ्या डाव्या पायाची नडगी मोडली आणि आत रॉड बसवावा लागला. तेव्हापासून ही नावं मी पलंगावर पडून अनेकांच्या तोंडून ऐकली. "बघ, ती अरुणिमा कृत्रिम पाय लावून एव्हरेस्ट चढली. तुझं तर नुसतं हाड मोडलंय. खंबीर राहा." सांगणाऱ्यांची माया खरी होती आणि ती माणसंही खरोखर मोठी आहेत. माझ्या मनात मात्र त्यांच्या तारखा घोळत राहिल्या.

अरुणिमाला चालत्या रेल्वेतून फेकलं गेलं एप्रिल २०११ मध्ये आणि ती शिखरावर पोचली मे २०१३ मध्ये. सुधा चंद्रन यांचा अपघात १९८१ चा. जयपूर फूट लावून त्या रंगमंचावर पुन्हा नाचल्या १९८४ मध्ये. पेठ-इस्लामपूरचे पेटकर सैन्यात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले. पोहणं त्यांच्या आयुष्यात आलं ते उपचार म्हणून, आणि हायडेलबर्गला त्याच पोहण्यात सुवर्णपदक मिळालं १९७२ मध्ये. गोष्ट सांगताना आपण अपघातावरून थेट पदकावर येतो. मधली दोन, तीन, सात वर्षं कुणी सांगत नाही. मला त्या मधल्या काळाबद्दल विचारायचं होतं. मंगळवारी दुपारी, घरात कुणी नसताना, ही माणसं काय करत होती?

सुरुवातीचे दिवस वेदनेचे असतात, पण माणूस तेव्हा एकटा नसतो. डबे येतात, फोन येतात, रात्री कुणीतरी उशाशी असतं. टाके निघाले की सगळ्यांना वाटतं, झालं. हाडाचं काम तर तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, मग तुकड्यांना जोडणारा मऊ थर, म्हणजे कॅलस, धरतो, तो हळूहळू कडक होतो. नडगीच्या आतल्या बाजूला स्नायू नसतातच, हाडावर थेट कातडी. त्यामुळे तिथला रक्तपुरवठा मुळात तोकडा, खालच्या भागात तर आणखीच. साध्या मोडीलाही चार ते सहा महिने लागतात. दर महिन्याला एक्स-रे काढायचा आणि त्यात एक पुसट पांढरी छाया शोधायची. याच काळात, जिला काही लागलेलंच नव्हतं ती मांडी वाळत जाते. दोन्ही मांड्या शेजारी ठेवून पाहिल्या त्या सकाळी मला फार भीती वाटली. ऑपरेशनच्या खुणेने मी इतकी घाबरले नव्हते.

त्याहून विचित्र गोष्ट अशी की तो पाय आपला वाटेनासा होतो. मी हे कुणाजवळ बोलत नव्हते. मग ऑलिव्हर सॅक्स यांचं 'अ लेग टू स्टँड ऑन' हाती आलं. सॅक्स स्वतः मेंदूचे डॉक्टर. १९७४ मध्ये नॉर्वेच्या डोंगरात बैलासमोरून पळताना ते पडले आणि त्यांच्या डाव्या मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याजवळ तुटला. लंडनमध्ये शस्त्रक्रिया चांगली झाली, तरी प्लास्टरमधला पाय त्यांना परक्याचा वाटत राहिला. शल्यचिकित्सकाला सांगितलं, तर त्याने ते मनावर घेतलं नाही. पुढे चालायला शिकताना अचानक मनात मेंडेल्सनची व्हायोलिनसाठीची रचना वाजू लागली आणि तिच्या लयीत पाय परत त्यांचा झाला. ते वाचून मला रडू आलं. इतका मोठा डॉक्टर हे सांगतोय म्हटल्यावर मलाही सांगायची हिंमत झाली. माझ्या मदतीला भजनी ठेका आला. मागच्या वाड्यात संध्याकाळी भजन चालायचं. त्या ठेक्यावर वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला.

आमच्या फिजिओ मॅडम सुरुवातीला फारच थोडं करून घ्यायच्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. घोटा वर, घोटा खाली, म्हणजे पोटरीतलं रक्त हृदयाकडे ढकललं जातं आणि गुठळी व्हायचा धोका कमी होतो. इतक्या साध्या हालचालीने घाम फुटायचा. मग एके दिवशी त्यांनी वजनकाटा मागवला. चांगला पाय तेवढ्याच उंचीच्या पाटावर आणि दुखरा काट्यावर. "ताई, काटा दहा किलोवर आला की थांबायचं. दहा म्हणजे किती ते पायाला कळू दे." डॉक्टरांनी वजन टाकायला परवानगी दिलेली होती, रॉड भक्कम होता, हे सगळं मला माहीत होतं. तरी काटा हलेना. माझं अख्खं अंग त्या पायावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं. हाडावर जसा भार येतो तशी त्याची बांधणी होत जाते, हे युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने एकोणिसाव्या शतकातच मांडलं होतं. म्हणजे ज्याची भीती वाटते तेच, बेताबेताने, औषध असतं. खंबीर राहणं म्हणजे काय, हे मला त्या काट्यावर समजलं. त्या दिवशी ते दहा किलोंचं होतं.

घरच्यांचं प्रेम इथे नकळत आडवं येतं. "अगं, उठू नकोस, मी देते ना," असं सासूबाई दिवसभर म्हणायच्या. त्यांच्या पिढीत पाय मोडलेला माणूस खाटेवरच असायचा. मी त्यांना फिजिओ मॅडमसमोर बसवलं आणि सगळं समजावून घ्यायला सांगितलं. त्यानंतर आकडे मोजायचं काम त्यांनी घेतलं, आणि ते कधी चुकवलं नाही. एवढंच नाही, तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला वेळ लागतो, हे तिथेच ऐकून त्यांनी शेजारच्या पाय मोडलेल्या काकूंची मिश्री सोडवायचा विडा उचलला.

मला पगारी रजा होती, फिजिओ घरी येत होत्या. तपासणीला गेले की रांगेत ऊसतोड करणारे, डिलिव्हरीची गाडी चालवणारे, गवंडीकाम करणारे भेटायचे. पाय तोच, मोड तीच. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालेलं, पण व्यायामाला तालुक्याहून यायचं तर एसटीचं भाडं आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज. म्हणून व्यायाम सुटतो, गुडघा आखडतो, आणि हाड जुळूनही माणूस लंगडतो. त्यांना 'धीर धरा' म्हणण्यापेक्षा सोबत आलेल्या बायकोला किंवा मुलाला व्यायाम शिकवून, चित्रं काढून हातात कागद दिला पाहिजे. डिस्चार्जच्या दिवशी प्रत्येक रुग्णालयाला हे जमण्यासारखं आहे.

तुमच्या ओळखीत कुणाचा पाय मोडला असेल तर पहिल्या आठवड्यात गर्दी असतेच. तुम्ही तिसऱ्या महिन्यात जा. व्यायामाच्या वेळेला जा, आकडे मोजा. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा, याची आठवण द्या. उतरताना स्वतः एक पायरी खाली उभे राहा. आणि चहा करायला ती व्यक्ती उठत असेल तर उठू द्या. कप तेवढे तुम्ही बाहेर आणा, वॉकर धरला की दोन्ही हात अडकलेले असतात.