विजयाच्या वाट्यात मराठा शिपाई कुठे?

दुसरं महायुद्ध कोणी जिंकलं, यावर अमेरिका, ब्रिटन आणि रशिया आजही भांडतात. माझी सारी नोकरी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात झाली. वीज कोणाची, हे बटण दाबणाऱ्यावरून ठरत नाही. कोळसा हाताळणाराही त्यात असतो. विजयाचंही तसंच आहे. या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २.७ कोटी माणसं गेली. पहिला मान त्यांचाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण भारताच्या २५ लाख सैनिकांचं काय? सगळे स्वेच्छेने भरती झालेले, पारतंत्र्यातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत माणगावकडचे यशवंत घाडगे एकटेच मशीनगनच्या मोर्च्यावर धावले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि तिथेच पडले. वय अवघं २२. एप्रिल १९४५ मध्ये नामदेव जाधवांनी सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मोंतोने गावाने २०२३ मध्ये घाडग्यांचं स्मारक उभारलं. इटलीतल्या गावाला जे सुचलं, ते आपल्यालाही सुचावं. आमच्या खापरखेड्याशेजारीच कामठीची लष्करी छावणी आहे. तरी आमच्या पोरांना ही नावं ठाऊक नाहीत. शिक्षकांनो, येत्या ८ मेच्या, म्हणजे युरोपातल्या विजयदिनाच्या, आत ती वर्गात सांगा.