कोंडी की बांध?

'लॉगजॅम' हा शब्द इंग्रजी बातम्यांत सतत भेटतो. संसदेत लॉगजॅम, वाटाघाटीत लॉगजॅम. मराठीत आपण 'कोंडी' म्हणतो. मूळ शब्द मात्र खराखुरा लाकडाचा आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मेन, मिशिगन, मिनेसोटा या राज्यांत हिवाळ्यात झाडे तोडत. ओंडके बर्फावरून ओढून नदीकाठी रचत आणि बर्फ वितळून पाणी चढले की नदीत सोडत. नदीच ते लाकूड गिरणीपर्यंत नेई. वळणावर किंवा खडकाला एखादा ओंडका आडवा अडकला, की मागचे त्याच्यावर चढत जात. १८८६ साली सेंट क्रॉय नदीवर अशी प्रचंड कोंडी झाली होती. ती फोडायला डायनामाइटही वापरावे लागले. अनुभवी कामगार मागून ढकलत बसत नसत. ते पुढच्या तोंडाशी जाऊन बाकीच्यांना अडवून धरणारा नेमका ओंडका शोधत. तो सुटला की पळायला क्षणभरच मिळे. कित्येकांचे जीव त्यात गेले.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा 'डेडलॉक' याचाच भाऊ. तिथेही पहिला प्रश्न एकच असतो: कोण कशासाठी थांबले आहे?

पण कोंडी म्हटले की एक गोष्ट गृहीत धरली जाते: हे आपोआप झाले, दोष कुणाचाच नाही. बांध तसा नसतो. तो कुणीतरी घालतो.

आता आपल्या ५ टक्के आरक्षणाकडे पाहा. जुलै २०१४ मध्ये अध्यादेश निघाला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, पण शासकीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशांपुरते ते चालू ठेवले. म्हणजे निम्मी वाट मोकळी होती. डिसेंबरमध्ये अध्यादेशाची मुदत संपली, त्याचा कायदा केला गेला नाही आणि मार्च २०१५ मध्ये शासन निर्णयही रद्द झाला. तरी आपल्या सभांमध्ये आजही 'आरक्षणाची कोंडी' असेच भाषण होते. यात अडकलेला ओंडका कोणता? कायदा न करणे हा सरकारचा निर्णय होता, आणि निर्णयाला सही असते.

याउलट शिष्यवृत्तीचा रखडलेला अर्ज ही बऱ्याचदा खरीच कोंडी असते. एक दाखला, एक पडताळणी अडली की मागचे सगळे तुंबते. तिथे मोर्चा काढण्याआधी कार्यालयात जाऊन विचारा: फाइल कुणाच्या टेबलावर आहे, आणि कधीपासून?